ताईच्या आजाराचा इलाज निघाला ते वर्ष

बातमी आली त्या सकाळी ताईला अभिनंदनाचे फोन आले. पहिला भंडाऱ्याच्या मावशीचा, मग खमरियाच्या आमच्या जुन्या क्वार्टरशेजारच्या काकूंचा. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी फिरत होती. परदेशात सिकलसेलवर जनुकांची दुरुस्ती करणारा इलाज निघाला, तिथल्या सरकारने त्याला मंजुरी दिली, आता हा रोग मुळापासून जाणार. बातमीसोबत दवाखान्याच्या पलंगावर बसलेल्या एका हसऱ्या बाईचा फोटो होता.

मी शाळेत पोचलो तर शिपाई फाटकातच म्हणाला, "सर, अब तो दीदी ठीक हो जाएँगी ना?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ताई त्या वेळी कांचघरच्या आमच्या घरात पलंगावर पडलेली होती, कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन. थंडी सुरू झाली होती, आणि जबलपूरची थंडी म्हणजे तिच्या हाडांचा मोसम. फोनवर ती प्रत्येकाला सांगत होती, "हो ना, वाचलं मी पण. चलो, बरं झालं." मावशीचा दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिने मोबाइल माझ्या हातात दिला. "तू बोल. मी थकून गेली अभिनंदन घेऊन घेऊन."

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो, हिंदीतून. आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल उदाहरण म्हणून आहेच. बाप वाहक, आई वाहक, खाली चार चौकोन. दोन अर्धे भरलेले, एक कोरा, एक पूर्ण भरलेला. दरवर्षी मी तो शेवटचा चौकोन खडूने घोटून भरतो आणि पोरं वहीत उतरवून घेतात. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो, म्हणून मी सांगतो, हे नीट पाठ करा. त्या चौकोनात माझी बहीण बसलेली आहे, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. सहानुभूतीने बघणारे चाळीस डोळे घेऊन धडा पुढे नेता येत नाही.

आमचे वडील भंडाऱ्याकडचे. खमरियाच्या फॅक्टरीत लागले आणि क्वार्टर मिळाल्यावर आईला घेऊन आले. पहिला मुलगा झाला तो दीड वर्षाचा होऊन गेला. ताप आला, पोट फुगलं, आणि दवाखान्यात न्यायची तयारी होईपर्यंत संपलं. मग ताई झाली, तीन वर्षांनी मी. ताई सहा महिने गुटगुटीत होती. आई आजही सांगते, "सहा महिने माही पोर लोण्यावानी होती. मग कोणाची नजर लागली देव जाणे." सातव्या महिन्यात तिचे हातपाय सुजले. डॉक्टर कधी संधिवात म्हणाले, कधी कॅल्शियमची कमी म्हणाले. रोगाचं खरं नाव कळेपर्यंत ती चौथीत गेली होती.

नाव कळल्यावर शेजारची एक बाई आईला म्हणाली, "ये तो आदिवासियों में होता है ना, आपके यहाँ कैसे आ गया?" आईने तिच्या घरी जाणं सोडलं. पण तो प्रश्न मात्र घरात राहून गेला. वडील गावी गेले की आपल्या नात्यातल्या मेलेल्या पोरांची चौकशी करायचे. कोण कसं गेलं, किती वर्षांचं होतं, हात सुजायचे का. बरीच निघाली.

सहा महिन्यांचं कोडं मला पुढे कॉलेजात सुटलं. पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. ते निरोगी असतं. रोग असलेल्या बाळातही ते निरोगीच असतं. जन्मानंतर शरीर ते बनवणं हळूहळू बंद करतं आणि मोठ्या माणसाचं सुरू करतं. ताईचं हे दुसरं हिमोग्लोबिन बिघडलेलं. त्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांमध्ये अडकतात, आणि पलीकडचं हाड प्राणवायूवाचून तडफडतं. परदेशातला तो नवा इलाज हेच करतो. रुग्णाच्याच हाडांतल्या मूळ पेशी बाहेर काढतात, गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारी कळ त्यांच्या जनुकात कापून टाकतात, आणि पेशी परत शरीरात सोडतात. म्हणजे आईचे ते सहा महिने माणसाला जन्मभरासाठी परत देतात. मी हे आईला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे नजर नव्हती लागली?"

आता मॅडमबद्दल सांगतो.

ताई विशीत होती आणि मी बारावीत, तेव्हा मॅडम आमच्याकडे पहिल्यांदा आली. जबलपुरातल्या एका संस्थेत सिकलसेलवर संशोधन करायला पुण्याहून आलेली मुलगी. वयाने ताईपेक्षा दोन-तीन वर्षं मोठी. तिला इथे मराठी घर मिळाल्याचा कोण आनंद झाला. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, आई मात्र पहिल्या दिवसापासून "पोरी" म्हणाली. स्कूटीवर निळी बर्फाची पेटी बांधून ती कांचघरच्या भाड्याच्या खोलीतून खमरियाला यायची आणि क्वार्टरच्या पायरीवरूनच ओरडायची, "काकू, आज पाटोडीचा रस्सा आहे का?" आमचं "काहून" ऐकून हसायची आणि आठवड्याभरात स्वतःच काहून म्हणायला लागली.

तिने आमच्या सगळ्यांचं रक्त घेतलं. आईचं, वडिलांचं, ताईचं, माझं. गावी जाऊन आत्याच्या घरचंही घेऊन आली. मी वाहक निघालो, तेही तिच्यामुळेच कळलं, आणि पुढे लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना आधी तपासणी करायला सांगता आलं. ताईचं रक्त ती महिन्याला घ्यायची. एकदा म्हणाली, "दुखणं चालू असताना घेतलेलं रक्त आमच्यासाठी फार मोलाचं असतं. पेशी नेमक्या तेव्हा काय करतात ते कळतं." ताईने ते मनावर घेतलं. त्यानंतर दुखायला लागलं की ताई आधी मॅडमला फोन करायची आणि मग आईला हाक मारायची. फॅक्टरीच्या बसमधून वडील उतरून घरी येत, तर दारात स्कूटी उभी. आत ताई दातांखाली टॉवेल धरून पडलेली आणि मॅडम तिच्या हातावर शीर शोधते आहे.

ती मुलगी वाईट नव्हती, हे मला लिहायलाच हवं. रक्त घेऊन झालं की ती पेटी बंद करून निघून जात नसे. ताईचे पाय चोळत बसायची. ताईने घरी बसून बी.ए. केलं ते तिच्या पुस्तकांवर. पेशींची वाकण्याची खोड कमी करणारी एक गोळी असते, ती आमच्या डॉक्टरांना ठाऊक नव्हती. मॅडमने सांगितली. घमापूरच्या औषधवाल्याला ती गोळी मागवायला तिनेच लावलं, आणि नंतरची काही वर्षं ताईची बरी गेली. ताई एका खासगी शाळेत ग्रंथालय सांभाळायला लागली. तिच्या आयुष्यातली नोकरी म्हणावी अशी तेवढीच.

मग मॅडमची पीएच.डी. झाली. ती मिठाईचा डबा घेऊन आली, आईच्या पाया पडली, आणि परदेशात गेली. जाताना ताईच्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "माझ्या डिग्रीतली अर्धी तुझी आहे."

ताईच्या वाट्याच्या अर्ध्या डिग्रीचं पुढे काही झालं नाही. गोळी कधी मिळायची, कधी नाही. नाही मिळाली की दवाखान्यात नेऊन तिला रक्त चढवावं लागायचं. वडील निवृत्त झाले, आम्ही कांचघरला घर घेतलं, आणि दोन वर्षांत वडील हृदयविकाराने गेले. ताईचा खुबा झिजला. रक्त न पोचून हाड आतून मरतं, तसं झालं. ती काठी घेऊन चालायला लागली. सारख्या रजा पडतात म्हणून शाळेने तिला प्रेमाने निरोप दिला. एक मात्र होतं, मॅडमचा रविवारी फोन यायचा. दर रविवारी नाही, पण यायचा. तिथे बर्फ पडतो आहे, नवऱ्याला भात लावता येत नाही, प्रयोगशाळेत उंदरांवर काम चालू आहे. ताई कानाला मोबाइल लावून हसायची. त्या हसण्याचा आवाज घरात दुसऱ्या कोणामुळे येत नसे.

तर इलाज निघाल्याची बातमी आली, आणि दोनेक महिन्यांनी मॅडमचाच फोन आला. ती भारतात येणार होती, जबलपुरात तिचं भाषण होतं. ताईने विचारलं, "मी येऊ का ऐकायला?"

"वेडी आहेस का? तुझ्याशिवाय कोण येणार?"

शाळेतून अर्धी रजा काढून मी ताईला घेऊन गेलो. कॉलेजच्या सभागृहाला पायऱ्या होत्या. दोन मुलांनी खुर्चीसकट ताईला वर उचललं. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पुढे डॉक्टर, प्राध्यापक, मग विद्यार्थी. मॅडम स्टेजवर आली. केस आखूड, कडेला पांढरे. इंग्रजीत बोलत होती, मधूनच हिंदी. जनुक कसं कापतात ते पडद्यावर हलत्या चित्राने दाखवलं. फार सुंदर समजावलं. मी मनात म्हणालो, माझ्या वर्गाला हे असं दाखवता आलं असतं तर.

मग पडद्यावर एक वंशावळ आली. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, वर लिहिलेलं होतं: कुटुंब क्रमांक चार. एक अर्धा चौकोन आणि एक अर्धा गोल, त्यांच्याखाली तीन मुलं. पहिला चौकोन काळा आणि त्यावर तिरकी रेघ. मग काळा गोल. मग अर्धा चौकोन. बाजूला एक आत्या, तिची दोन मुलं, त्यातल्या एकावर रेघ.

ताईने माझं मनगट धरलं. "हे आपण आहो ना?"

मी मान हलवली.

"रेघ म्हणजे काय?"

"वारले."

"म्हणजे हा दादा." ती पडद्याकडे बघतच राहिली. त्या दीड वर्षाच्या मुलाचा आमच्या घरात एकही फोटो नाही. तिने आपल्या भावाला पहिल्यांदा बघितलं ते असं, रेघ मारलेल्या चौकोनात. पडदा बदलला. आता आलेख होते.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. विद्यार्थ्यांनी इंग्रजीत काही विचारलं. मग ताईने काठी वर केली. माइक तिच्यापर्यंत आला. ती हिंदीत म्हणाली, "मैडम, ये अपने यहाँ कब तक आएगा?"

पुढच्या रांगेतले दोघे-तिघे वळले. मॅडमने ताईला ओळखलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने हिंदीत उत्तर दिलं की आपल्याकडेही काम चालू आहे, चांगलं चालू आहे, आजचा खर्च सामान्य माणसाला परवडणारा नाही पण तो उतरेल, वेळ लागेल, आशा सोडायची नाही. टाळ्या वाजल्या. उत्तराला टाळ्या वाजल्या, पण प्रश्न मात्र तसाच राहिला. ताई हसून खाली बघत होती.

संध्याकाळी मॅडम आमच्या घरी आली. संस्थेची गाडी बाहेर उभी होती. आईने पाटोडीचा रस्सा केला होता. मॅडमने दोनदा वाढून घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, तिखटाचं की कशाचं ते माहीत नाही. मग ताईचे रिपोर्ट चाळता चाळता ती सहज म्हणाली, "तुमची जुळवणी कधी केली होती का रे? बोन मॅरोची?"

मी म्हणालो, "कसली जुळवणी?"

"भावाबहिणीची मज्जा जुळली तर भावाची देता येते. जनुकं कापायची गरजच नाही. हा इलाज तर जुना आहे. चारातून एकाची जुळते. तू वाहक असलास तरी चालतं."

मला हे पुस्तकी माहीत होतं. पाठ्यपुस्तकात एक ओळ असते, असाध्य रोगांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण. पण ते मोठ्या शहरात, दुसऱ्या रोगांना, दुसऱ्या लोकांना. एवढ्या वर्षांत एकाही डॉक्टरने आमच्या घराकडे बोट दाखवून ते वाक्य म्हटलं नव्हतं. मॅडमने हॉर्न ऐकला, उठली, आणि दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर मला देऊन गेली.

गालाच्या आतून कापसाच्या काडीने माझ्या आणि ताईच्या पेशी घेतल्या आणि नमुने पाठवले. ते आठवडे मी वर्गात काय शिकवलं मला आठवत नाही. मग रुग्णालयातून फोन आला. पूर्ण जुळली. त्या माणसाने इंग्रजीत आकडा सांगितला, मी पुन्हा विचारला, त्याने पुन्हा सांगितला. पूर्ण.

आईने देवापुढे दिवा लावला आणि मला बाजारात पिटाळलं. मी खव्याची जिलबी घेऊन आलो. माझी बायको, जी घरात फारशी बोलत नाही, ती ताईच्या गळ्यात पडली. ताई जिलबी हातात घेऊन बसली होती, खात नव्हती. "तुझ्या हाडातलं काढतील?" तिने मला विचारलं. "दुखेल तुला."

"दुखू दे थोडं. तूच काय सगळं दुखून घेशील?"

तेव्हा मात्र ती हसली आणि तिने जिलबी खाल्ली. त्या संध्याकाळी आमच्या घरात असं बोलणं चाललं होतं, जसं लग्न ठरलेल्या घरात चालतं. बरी झाल्यावर काय काय करायचं. ताईला कॉम्प्युटर शिकायचा होता. तिला जिना चढून आमच्या गच्चीवर जायचं होतं, जिथे ती हे घर घेतल्यापासून गेली नव्हती.

रेल्वेच्या लांब प्रवासानंतर आम्ही त्या रुग्णालयात पोचलो. दोन दिवस तिच्या तपासण्या झाल्या. हृदयाची, फुफ्फुसांची, यकृताची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ. आम्हाला खुर्च्या देऊन मग स्वतः बसले. त्यांचं हिंदी तुटकं होतं, पण एकही शब्द अस्पष्ट नव्हता.

ताईच्या फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढला आहे. वर्षानुवर्षं रक्त चढवून चढवून यकृतात लोह साठलं आहे. प्रत्यारोपणाच्या आधी तिची स्वतःची मज्जा कडक औषधांनी मारून टाकावी लागते. ती औषधं हे शरीर सोसणार नाही. "टेबल पर ही चली जाएँगी," असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "हम कर नहीं पाएँगे."

मी विचारलं, "और वो नया वाला? जीन वाला?"

"उसमें भी पहले यही करना पड़ता है. वही दवाइयाँ."

म्हणजे ज्या इलाजासाठी तिचं अभिनंदन झालं होतं, तो आमच्या दारात फुकट येऊन उभा राहिला असता तरी तिच्या कामाचा नव्हता.

ताईने विचारलं, "पहले आते तो?"

डॉक्टरांनी तिच्या तरुणपणीचा एक रिपोर्ट काढला. मॅडमच्या काळातला, तिच्याच अक्षरातला. तो बघून ते म्हणाले, "तब आतीं तो बहुत अच्छा केस था. मैच भी पूरा है. तब यहाँ इतना नहीं होता था, पर होता था."

बाहेर येऊन मी बाकावर बसलो. ताईच माझ्या शेजारी काठी टेकून उभी राहिली, लोकांना वाट देत. थोड्या वेळाने म्हणाली, "चल. गाडीत जागा पक्की कर. आईला मी सांगीन, तू तोंड उघडू नको."

आईला तिने सांगितलं की डॉक्टर म्हणाले, तब्येत जरा सुधारू द्या, मग पाहू. आईने विश्वास ठेवला की ठेवल्याचं दाखवलं, ते मला आजही कळलेलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मग पाहू म्हणजे कधी?" ताई म्हणाली, "उन्हाळ्यानंतर." तो उन्हाळा गेला, त्याच्यानंतरचाही गेला.

घरी आल्यावर पाच-सहा दिवसांनी मी शाळेच्या रिकाम्या प्रयोगशाळेत बसून मॅडमला फोन केला. मी काय बोलणार हे मी ठरवलेलं नव्हतं. तिने आधी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी सांगितलं.

मी म्हणालो, "मॅडम, एक विचारतो. तेव्हा तुम्ही आम्हा दोघांचं रक्त घेऊन राहिल्या होत्या. ताईचं तर महिन्याच्या महिन्याला. एकाच पेटीत ठेवून नेलं. तेव्हा जुळवणी काहून नाही केली?"

"अरे, ती चाचणी वेगळी असते..."

"वेगळी असते ते माहीत आहे मला. तुम्हाला पण माहीत होतं. तुम्ही सांगितलं तरी असतं. करा म्हणून. आम्ही कर्ज काढून केली असती."

ती म्हणाली, "तो आमचा विषय नव्हता. आमचं काम पेशींवर होतं, कुटुंबांत वेगळेपणा का दिसतो त्यावर. उपचार आमच्या प्रकल्पात नव्हताच. मी तेवीस-चोवीस वर्षांची होते रे. मला खरंच सुचलं नाही."

"दुखणं चालू असताना फोन कर, हे सुचलं होतं."

ती रडायला लागली. मी फोन बंद केला नाही, ऐकत राहिलो. मला वाटलं होतं तिचं रडणं ऐकून काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. शेवटी तीच म्हणाली, "ठेवते."

ताईला हे दोन आठवड्यांनी कळलं, मॅडमकडूनच. मी शाळेतून आलो तेव्हा ती दाराशी खुर्चीत बसून माझी वाट बघत होती.

"तिला काहून रडवलं तू?"

"खोटं बोललो का काही?"

"मी तुला सांगितलं होतं का, माझ्या वतीने जाब विचार म्हणून?"

"जाब कोणीतरी विचारायला पाहिजे ना, ताई. तुझ्या रक्तावर ती एवढी मोठी झाली. आपल्या मेलेल्या भावाला पडद्यावर टांगलं तिने, कुटुंब क्रमांक चार म्हणून."

"आणि ती गोळी कोणी दिली? माझ्या पायांना तेल कोणी लावलं? तुझ्या लग्नाच्या आधी ते रक्त तपासा म्हणून कोणी सांगितलं, नाहीतर तुझी पोरगी आज कशी असती?" तिला धाप लागली होती, तरी ती थांबली नाही. "राग मला पण आहे. तुला काय वाटते, नाही? पण तो कोणावर काढायचा ते मी ठरवीन. माझ्याशी हसून बोलणारी एक बाई होती. तीही तू तोडली."

मी म्हणालो, "तोडली तर तिने तोडली."

ताई उठली. काठी घेऊन आत गेली.

मॅडमने तोडलं असं म्हणता येणार नाही. ताईने फोन केला की ती घेते. पण आता ती तब्येत विचारते, औषधं विचारते, काही लागलं तर सांग म्हणते. नवऱ्याच्या भाताबद्दल बोलत नाही. ताई दोन मिनिटांत फोन ठेवते. मग नुसते दिवाळीचे, संक्रांतीचे संदेश उरले, फुलांची चित्रं असलेले.

मला कोणी विचारलं तर मी तो फोन पुन्हा करीन. ताईला हे माहीत आहे, म्हणून ती विचारत नाही. घरात आता ताईसाठी प्राणवायूचं यंत्र आलं आहे. वीज गेली की मी इन्व्हर्टरकडे धावतो आणि आई हाताने पंखा हलवायला लागते, जणू काय वाऱ्यानेच श्वास मिळतो. आनुवंशिकतेचा धडा यंदा मी दुसऱ्या शिक्षकाला दिला आणि त्याच्याकडून वनस्पतींचा घेतला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं नाही. ताई आणि मी एकमेकांशी बोलतो. गोळ्या संपत आल्या का, पाण्याचा टँकर आला का, पोरीची फी भरली का. बाकी विषय आम्ही काढत नाही.